घोटभर पाण्याचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दर वर्षी कोणी पाककृती देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे ‘उन्हाळ्यात मुलांची जपणूक’ हा विषय सोपविला आणि दारातून परत फिरताना बजावले, “बाई, उपदेश नको हं, माहिती द्या.” मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. माहिती द्या म्हटले की मला आधी सन आठवतात. तेव्हा या विषयाचाही इतिहासच लिहावा असे ठरविले. लिहू लागल्यावर मात्र ध्यानात आले की, या इतिहासाचे एक पान आमच्या स्वतःच्या घरातले आहे, आणि ते वगळून पुढे जाणे काही खरे नव्हे.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी नागपूरकरांना मी काय सांगावे! २३ मे २०१३ रोजी येथील वेधशाळेत ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले आणि गावभर हलकल्लोळ उडाला. मागाहून हवामान खात्याने यंत्रच बिघडले होते असा खुलासा केला. माझी नात म्हणाली, “आजी, यंत्रालाच ऊन लागलं!” थट्टेचा भाग सोडा. रोहिणी नक्षत्रात नवतपा सुरू झाला की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, हे आपण सगळ्या जाणतो.

माझे बालपण महालातल्या एका जुन्या वाड्यात गेले. तिथे उन्हाळ्याची व्यवस्था पाडव्यापासूनच सुरू होई. रांजण धुऊन ओसरीच्या कोपऱ्यात वाळूवर बसविला जाई. वाळ्याची जुडी पाण्यात पडे. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या जात आणि आम्हा मुलांकडे काम असे ते तांब्याने त्यांच्यावर पाणी मारण्याचे. हे काम आम्ही इतक्या उत्साहाने करीत असू की निम्मे पाणी आमच्याच अंगावर पडे, आणि मोठी माणसे त्याला फारशी हरकत घेत नसत. सकाळी नऊच्या आत दारे-खिडक्या बंद होत, त्या सूर्य कलल्यावर उघडत. जेवणे आटोपली की सगळ्या मुलांना माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओळीने निजविण्यात येई. झोप येवो न येवो, चार वाजेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. आजी काठी घेऊन दारातच आडवी झालेली असे.

या रीती कोणी शास्त्र वाचून घातलेल्या नव्हत्या, पण त्यांत शास्त्र होते. पाणी उडून जाताना भोवतालची उष्णता घेऊन जाते. माठ त्यानेच गार होतो, ताटीतून येणारा वारा त्यानेच गार लागतो, आणि घामाने आपले अंगही त्याच नियमाने निवते. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून हा उपाय इथे फळतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम अंगावर तसाच राहतो. त्यामुळे तिथे पारा चाळिशीच्या आत असतानाही माणसाला ऊन बाधते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील मोठ्या समारंभात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, त्या दिवशी तिथला पारा आपल्या मानाने काही फार नव्हता. तेव्हा ‘आमच्याकडे तर पंचेचाळीस असतं’ म्हणून मुंबईच्या जावेला हसण्यात अर्थ नाही.

कांद्याचे मात्र मला नीटसे पटत नाही. बाहेर जाताना आजी प्रत्येकाच्या खिशात एक कांदा घाली. कांदा पोटात गेला तर त्याचा जो काही उपयोग होईल तो होईल. खिशातल्या कांद्याने ऊन कसे अडावे? एक फायदा खरा होता. कांदा घालायच्या निमित्ताने आजी प्रत्येक मुलाला थांबवी, डोक्याला दुपट्टा आहे की नाही पाही आणि फुलपात्रभर पाणी समोर पिऊन घेतल्याखेरीज सोडत नसे.

पाण्याचा हा आग्रह आपल्याकडे फार जुना आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावले, विहिरी खणविल्या आणि माणसांसाठी व जनावरांसाठी पाणपोया बसविल्या, असे त्याच्या लेखांत कोरलेले आहे. अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर दान देण्याची चाल अजून घरोघर आहे. आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू तर आपले बायकांचेच. कैरीची डाळ आणि पन्हे. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, चवीला मीठ. आमच्या वाड्यात चैत्र लागला की पन्ह्याचा मोठा गंज भरलेला असे आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हातात त्याचा पेला जाई.

आता ते पान.

माझ्या जन्माच्या आधी माझ्या आईला एक मुलगी झाली होती. १९४९ च्या वैशाखात ती चौदा महिन्यांची होती. तिला जुलाब सुरू झाले. त्या दिवसांत उन्हाळ्यात लहान मुलांना जुलाब होणे ही अगदी नित्याची गोष्ट होती. आजीने तिच्या समजुतीप्रमाणे सर्व केले. मुरडशेंग उगाळली, जायफळ उगाळले. आणि पाणी बंद केले. पाणी दिले की जुलाब वाढतात, हे तिने आपल्या सासूकडून ऐकलेले. सासूने आणखी कोणाकडून. दिसतेही तसेच. घोट पोटात जातो आणि लगेच दुपटे भरते. पाहणाऱ्याला वाटते की दिले तेच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी पोरीची टाळू खाली बसली. आजीने ती तेलाने भरली. अंगातले पाणी आटल्याची ती खूण आहे, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक असणार? खूण दिसली, तिच्यावर उपचारही झाला, पण पाणी काही मिळाले नाही. आईने मला हे सारे एकदाच सांगितले, आणि तेही मी स्वतः आई झाल्यावर. ती म्हणाली, पदर घामाने आणि रडण्याने ओला झाला होता, त्याचे टोक पोरीने तोंडात धरले आणि ती चोखू लागली. आजीने ते हळूच काढून घेतले. मारून नाही, ओरडून नाही. नातीच्या भल्यासाठी, डोळे पुसत. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी गेली. अक्षय्यतृतीया नुकतीच झाली होती. घागर दान दिलेली होती, ओसरीवर रांजण भरलेला होता.

आजीला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. त्या काळचे शिकलेले डॉक्टरही जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्याला विश्रांती द्या, तोंडाने काही देऊ नका, असेच सांगत. फार झाले तर शिरेतून सलाईन. पण ते मोठ्या इस्पितळात, आणि पैसे असतील तर. ही केवळ आपल्याकडची कथा नव्हे. युरोपातही उन्हाळा हा तान्ह्या मुलांचा काळ मानला जाई. १९११ साली तिकडे फार कडक उन्हाळा पडला, तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये हजारो अर्भके दगावली. त्यांतली पुष्कळशी उन्हाने थेट मेली नाहीत. नासलेल्या बाटलीच्या दुधाने त्यांना जुलाब झाले आणि अंगातले पाणी आटून ती गेली. आईच्या दुधावरची मुले त्या मानाने पुष्कळ वाचली. लहान मुलाच्या बाबतीत ऊन असे पोटाच्या वाटेनेही आत शिरते.

यापुढचा इतिहास मला मुलींना वर्गात कधी शिकविता आला नाही, कारण तो पाठ्यपुस्तकात नव्हता. लढायांना जेवढी पाने मिळतात त्याच्या एक दशांश जरी याला मिळाली असती तरी बरे झाले असते.

१९५३ साली, म्हणजे माझी बहीण गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी लॅन्सेट या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनी वांती थांबविण्याचे औषध देऊन मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने पाजले होते, आणि रोगी सुधारले होते. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. तोंडाने पाजलेले पाणी आतड्यात का टिकावे, याचे कारण तेव्हा कोणाला देता येत नव्हते. ते कारण १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडले. आतड्याच्या आतल्या अस्तरात साखर आणि मिठातला सोडियम हे दोघे जोडीने आत शिरतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हे दार बहुधा उघडेच राहते. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे ठरत नाही, नुसते मीठ तर नाहीच. दोघींना एकमेकींचा हात धरून उंबरठा ओलांडावा लागतो. (हळदीकुंकवाला एकट्या न येणाऱ्या जावा-जावा मला इथे आठवल्या. असो.)

१९६८ साली ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांवर याची रीतसर परीक्षा घेतली. तरीही हे काम प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली इस्पितळातच व्हावे, असे सर्वांचे मत. ते मत मोडले १९७१ साली. बांगलादेशाच्या युद्धामुळे निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावला छावण्यांत पटकीची साथ पसरली. रोगी जमिनीवर, ओसरीवर, जागा मिळेल तिथे पडलेले, आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापून पिंपांत पाणी तयार केले, पिंपाला तोटी लावली, आणि रोग्यांच्या आया-बहिणींना सांगितले की पेल्याने हे घ्या आणि सारखे पाजत राहा. इतर ठिकाणी शंभरांत तीसपर्यंत रोगी मरत होते. महालनबीसांकडे ते प्रमाण ३.६ वर आले. पाजणारे हात परिचारिकांचे नव्हते, घरच्या बायकांचे होते. पुढे १९७८ साली त्याच लॅन्सेटने या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत मोठा वैद्यकीय शोध म्हणून गौरविले. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले, तेव्हा पुष्कळांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले असेल. मी त्यांतलीच एक.

आणि यानंतरचा भाग तर आपल्यासारख्या मंडळांनी विशेष वाचावा असा आहे. शोध लागला, पण तो घरात पोहोचायचा कसा? बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० नंतरच्या दहा वर्षांत खेड्यापाड्यांतून बायकांची पथके पाठविली. त्यांनी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी जाऊन प्रत्येक आईसमोर बसून शिकविले की अर्धा शेर पाण्यात तीन बोटांच्या चिमटीभर मीठ आणि मूठभर गूळ घालायचा. व्याख्यान नाही, पत्रक नाही; आईने स्वतःच्या हाताने करून दाखवायचे. काही दिवसांनी दुसरी माणसे जाऊन आईला काय आठवते ते विचारीत, आणि आयांना जितके चांगले आठवे त्यावर शिकविणाऱ्या बाईचा पगार ठरे! मी शिक्षिका होते, म्हणून सांगते, ही पगाराची पद्धत आमच्याकडे लागू झाली असती तर आमच्यापैकी कित्येकांची चूल पेटली नसती. सुरुवातीला त्यांना असेही आढळले की, शिकविणाऱ्यांनाच या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. मग आधी त्यांची खात्री पटवावी लागली.

गूळ, मीठ, पाणी. हे वाचले तेव्हा आमच्या वाड्यातला पन्ह्याचा गंज माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी पुस्तक मिटून ठेवले. १९४९ च्या त्या वैशाखात या तिन्ही वस्तू घरात होत्या. आल्यागेल्या सवाष्णींना त्या मिळत होत्या. कोणी गैरसमज करून घेऊ नये, पन्हे म्हणजे काही जुलाबावरचे औषध नव्हे. ते फार गोड असते आणि फार गोड पाण्याने जुलाब उलट वाढतात. सगळे प्रमाणात असावे लागते. पण वस्तू होत्या. नव्हता तो फक्त कोणाचा तरी शब्द, की पाजा.

१९८३ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्याला, दोन वर्षांच्या मुलाला, जुलाब आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. आई तेव्हा आमच्याकडेच होती. दवाखान्यातून मिळालेली पुडी मी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात कालविली आणि चमच्याने पाजू लागले. ओकला की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमचा. आई पलंगाच्या पायथ्याशी बसून होती. एकदा तिचा हात पुढे आला, मला थांबवायला आला असे मला वाटले. तिने फक्त चमचा मागून घेतला. रात्रभर तिनेच पाजले. पहाटे मुलाला लघवी झाली, डोळ्यांत तेज आले, त्याने बिस्किट मागितले. आईने रिकामी पुडी उलटीसुलटी करून पाहिली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, “एवढंच?” त्यानंतरच तिने मला बहिणीची हकीकत सांगितली. तोवर मला एवढेच माहीत होते की, माझ्याआधीची एक ‘राहिली नाही’.

आता थोडे व्यवहाराचे. ही पुडी, जिला आपण सगळेच ओआरएस म्हणतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घ्यावे. मुलाला गोड लागावे म्हणून पाणी कमी करू नये. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. जुलाब चालू असतानाही मुलाचे दूध आणि जेवण बंद करू नये. हल्लीचे डॉक्टर सोबत जस्ताच्या गोळ्याही देतात. सहा महिन्यांच्या आतल्या निरोगी बाळाला उन्हाळा असला तरी वरचे पाणी नको. त्याला अधिक वेळा अंगावर घ्यावे, त्याचे पाणी तेच. दुकानात घेताना डोळे उघडे ठेवावेत. कित्येक वर्षे रंगीबेरंगी खोक्यांतली फार गोड सरबते ओआरएसच्याच नावाखाली विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी सतत आठ वर्षे झगडा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न-सुरक्षा प्राधिकरणाने सरबतांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. एका बाईने चिकाटी धरली तर काय होते पाहा.

जुलाबांपासून आता पुन्हा उन्हाकडे वळते, कारण थेट उन्हानेही मुले आजारी पडतात, आणि त्याचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयंकर उष्णतेची लाट आली, पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक मेली, असा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला. तिथल्या एका रुग्णालयात नुकत्याच जन्मलेल्या बाळांना ताप येऊ लागला. उन्हामुळे आजारी झालेली अशी २४ बाळे त्या एप्रिल ते जून महिन्यांत दाखल झाली. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत ती आठ होती. बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छपराखाली होता. बाळ ना पांघरूण फेकू शकते, ना पाणी मागू शकते, ना कूस बदलून भिंतीकडे जाऊ शकते. मग रुग्णालयाने काय केले? नवे यंत्र आणले नाही. बाळंतिणींचा विभाग खालच्या मजल्यावर नेला. २०११ साली तशी बाळे चारच निघाली. पुढे २०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्णतेच्या लाटेसाठी योजना आखली. आपल्या भागात तशी ती पहिलीच, आणि त्यानंतर आपल्या नागपूरनेही आपली योजना केली.

हे वाचल्यापासून कोणाकडे बारशाला गेले की माझे लक्ष आधी पाळणा कोणत्या खोलीत आहे तिकडे जाते. गच्चीखालची खोली, बाळाला टोपी, झबले, पायमोजे आणि वर दुपटे. बाहेर चव्वेचाळीस अंश! बाळंतिणीला वारा लागू नये, हे थंडी-पावसातले शास्त्र आपण वैशाखातही चालवितो. मी न राहवून टोपी काढते, आणि दोन घरी त्यामुळे मला वाईटपणाही आला आहे.

मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि घाम त्याला कमी येतो. शिवाय खेळण्याच्या नादात तहान लागलेली त्याला कळतही नाही. मूल मलूल झाले, चिडचिडे झाले, लघवी कमी आणि गडद झाली तर सावलीत घ्यावे आणि पाणी पाजावे. अंग भट्टीसारखे तापले आणि मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात; तिथे तापाच्या गोळीचा उपयोग नाही आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणीही घालू नये. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी मारावे, वारा घालावा, आणि गाडी येईपर्यंत, गाडीतही, हे चालूच ठेवावे. उभ्या मोटारीत मुलाला ‘दोन मिनिटं’ म्हणून बसवून जाणे हा नवा धोका आहे. बंद मोटार पहिल्या अर्ध्या तासातच भट्टी होते, काच बोटभर उघडी ठेवून काही साधत नाही. आणि आपला कूलर! वाळ्याच्या ताटीचीच ही लोखंडी नात. तिच्या ओल्या पत्र्याला हात लावून विजेचा धक्का बसलेल्या मुलांच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना आधी बटण बंद करून खटका काढणे, आणि वायरमनकडून अर्थिंग पाहून घेणे, हे पाडव्याच्या खरेदीत धरावे.

शाळेविषयी लिहिल्याशिवाय माझा लेख पुरा व्हायचा नाही, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि उन्हाळ्यात सकाळच्या भरतात, ही चांगली सोय. २०२५ साली राज्यभर परीक्षा एकदम घेण्याच्या हट्टापायी त्या २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, तेव्हा इथल्या पालकांनी आणि शिक्षकांनी तक्रारी केल्या, ते योग्यच झाले. पण आमच्या वेळी शाळेचा एक नियम होता की तास चालू असता पाणी प्यायला जायचे नाही. मी तो नियम काटेकोर पाळीत असे. एका एप्रिलमध्ये मैदानावरची कवायत संपवून मुली माझ्या तासाला आल्या. एकीने दोनदा बोट वर केले, दोन्ही वेळा मी ‘मधल्या सुट्टीत’ म्हटले. तिसऱ्या वेळी तिने बोट वर केले नाही; ती बाकावरून खालीच घसरली. शिपाईबाईने तिच्या डोक्यावर कळशी ओतली, ती सावरली, संध्याकाळी घरी गेली. आज ती दोन मुलांची आई आहे आणि भेटली की वाकून नमस्कार करते. मला मात्र ते वर केलेले बोट दिसते. मी त्याच घरातली, जिथे पदराचे टोक तोंडातून काढून घेतले गेले होते. आणि तेव्हा आईने मला ती हकीकत सांगूनही झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माठ ठेवला. नियम मोडला म्हणून मला एक लेखी समज मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

आई २००४ साली गेली. तोवर दर पाडव्याला ती वाड्याच्या दारात एक माठ मांडी आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांना हाका मारून थांबवी. नको म्हणणाऱ्यालाही सोडत नसे. आपल्या मंडळाची चौकातली पाणपोई त्याच माठापासून सुरू झाली, हे नव्या भगिनींना माहीत नसेल. यंदाही पाडव्याला दोन माठ आणि ओगराळे मांडायचे आहेत. ओगराळ्याचा दांडा लांब असावा, मागच्या वर्षी आखूड दांड्यामुळे हात बुडत होते. पुड्यांचा डबा मंडळाच्या कपाटात वरच्या खणात आहे. मुदत पाहून जुन्या काढाव्यात. सकाळच्या पाळीला नावे भरपूर आली आहेत. दुपारी बारा ते तीन या वेळेला अजून तिघीजणी हव्यात. मुले सुटतात ती त्याच वेळी.